द्वारपाळाची रात्रपाळी



बायबल वाचताना नावांची लांबलचक यादी आली की आपल्यापैकी बहुतेक जण दोन पाने उलटून पुढे जातात. पहिल्या इतिहासाच्या पुस्तकाचा नववा अध्याय असाच आहे. बंदिवासातून परत येऊन यरुशलेमेत राहिलेल्या लोकांची ती नोंद आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गाची तयारी करताना मी तो अध्याय सावकाश वाचला आणि मंदिराच्या द्वारपाळांपाशी थांबलो. ते एकंदर २१२ होते. पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण अशा चारही बाजूंना त्यांचा पहारा असे. रात्री ते मंदिराच्या भोवतीच मुक्काम करत, कारण राखण त्यांच्याकडे होती आणि रोज सकाळी दार उघडायचे कामही त्यांचेच होते. आणखी एक गोष्ट तिथे नोंदली आहे. त्यांचे भाऊबंद आपापल्या खेड्यांत राहत आणि सात-सात दिवसांच्या पाळीने शहरात येत.

खेड्यातून शहरात जाणे, आठवड्याची पाळी, रात्रीचा पहारा. हे वाचताना मला माझ्या अक्काचा मुलगा आठवला.

त्याची पहिली कम्युनियन माझ्याच वर्गातून झाली. पुढे तो बेळगावात इंजिनिअरिंग शिकला आणि आता बेंगळुरूला नेटवर्क सिक्युरिटी इंजिनिअर आहे. त्याच्या खात्याला ‘एसओसी’ म्हणतात, म्हणजे सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटर. ते केंद्र वर्षाचे ३६५ दिवस आणि दिवसाचे २४ तास चालू असते. सकाळी सहा ते दोन, दोन ते रात्री दहा आणि दहा ते पुन्हा सहा अशा तीन पाळ्या असतात. नाताळ असो, गुड फ्रायडे असो, त्या खोलीतले दिवे मालवत नाहीत.

परवा अक्का माझ्याकडे आली ती चिंता घेऊनच. “रविवारी मिस्साला जातोस काय विचारलं तर गप्प बसतो. दुपारी फोन केला तर झोपलेला असतो. रात्रभर जागून करतो काय, ते सांगत नाही. पगार चांगला आहे खरं, असलं काम देवाला चालतं काय?”

अक्काचा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. आमच्या जांबोटी, खानापूर, बेळगाव भागातली कितीतरी मुले-मुली पुण्याला, बेंगळुरूला, गोव्याला अशा पाळ्यांत काम करतात. म्हणून तिला दिलेले उत्तर आज सगळ्यांसाठी लिहितो आहे.

आधी ते काम समजून घेऊ

बँक, हॉस्पिटल, रेल्वे, वीज मंडळ यांचे सगळे व्यवहार आज संगणकांच्या जाळ्यावर चालतात. या जाळ्याला दारे असतात. कुठल्या दारातून कोण आत आले, कोण बाहेर गेले, कुणाचा पासवर्ड चुकला, याची नोंद दर क्षणाला होत राहते. या नोंदींना ते ‘लॉग’ म्हणतात. एक यंत्रणा सगळे लॉग गोळा करते आणि काही वेगळे दिसले की पडद्यावर सूचना देते. ती सूचना पाहायची, खरी की खोटी ते ठरवायचे, खरी वाटली तर वरच्या माणसाला झोपेतून उठवायचे आणि दार बंद करायचे. माझ्या भाच्याचे काम हे असे आहे. तो आईला जास्त सांगत नाही, यात लपवाछपवी नाही. ज्यांची राखण करतो त्यांच्या दारांची माहिती बाहेर सांगायची नाही, ही त्या कामाची पहिली अट आहे.

दिवसाला आलेल्या सूचनांपैकी बहुतेक निरुपद्रवी निघतात. कुणी पासवर्ड तीनदा चुकवलेला असतो, कुणी गावी गेलेला असतो आणि तिथून काम उघडतो. पण त्यातच एखादी खरी असते, आणि ती इतरांसारखीच दिसते.

अशी एक खरी गोष्ट आपल्या जवळची आहे. पुण्याची कॉसमॉस बँक १९०६ साली स्थापन झालेली, जुनी सहकारी बँक. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. त्या दिवशी २८ देशांतल्या एटीएम यंत्रांतून बनावट कार्डे वापरून सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतातही सुमारे अडीच कोटी काढले गेले, आणि त्यात आपले कोल्हापूरही होते. मग सोमवारी, १३ तारखेला, आणखी सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात पाठवले गेले. मिळून ९४ कोटींच्या वर.

हे घडले कसे, ते ऐकण्यासारखे आहे. आपण एटीएममध्ये कार्ड घातले की ते यंत्र बँकेला विचारते, “याला पैसे देऊ का?” हा निरोप बँकेच्या एका मधल्या यंत्रणेतून जातो, तिला ‘स्विच’ म्हणतात. चोरांनी बँकेच्या जाळ्यात शिरून स्वतःचा खोटा स्विच बसवला. प्रश्न खऱ्या बँकेपर्यंत पोहोचलाच नाही. वाटेतच खोटा द्वारपाळ उभा होता आणि तो प्रत्येकाला “दे, दे” म्हणत होता. २०२३ च्या एप्रिलमध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणात ११ जणांना दोषी ठरवले. त्यामागचे डोके मात्र परदेशात होते.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू मेंढवाड्याच्या दाराविषयी बोलतो. दाराने न येता दुसरीकडून चढून येतो तो चोर, आणि मेंढपाळासाठी दार उघडतो तो द्वारपाळ. त्या दृष्टांतात द्वारपाळाच्या वाट्याला एकच वाक्य आले आहे, पण तो जागा नसेल तर मेंढपाळ आणि चोर यांतला फरक ओळखणार कोण?

रिझर्व्ह बँकेने २ जून २०१६ रोजीच बँकांना असे पाळत ठेवणारे केंद्र उभारायला सांगितले होते. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने आदेश काढला की असा हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवले पाहिजे. सहा तासांचा हिशेब ठेवायचा तर रात्री कुणीतरी जागे हवेच. विधवा बाईची पेन्शन, कुणाच्या दवाखान्याची फाइल, भाताचे आलेले पैसे, हे सगळे त्या जाळ्यात असते. त्यांना ठाऊकही नसते की कुणी त्यांच्यासाठी जागे आहे. म्हणून अक्काला मी पहिले सांगितले, हे काम देवाला चालणारे आहे. शेजाऱ्याच्या घराची राखण करणे ही प्रीतीचीच एक रीत आहे.

मग रविवारचे काय?

वर लिहिलेली तारीख पुन्हा पाहा. शनिवार होता. २०१६ च्या फेब्रुवारीत बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेवर असाच हल्ला झाला, तो गुरुवारी रात्री, कारण तिथे शुक्रवारी सुट्टी असते. चोर पंचांग पाहून येतो. घरधन्याला चोर कुठल्या प्रहरी येणार हे कळले असते तर तो जागा राहिला असता, असे प्रभूने मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायात म्हटले, त्याचा अर्थ या लोकांना रोज कळतो. सगळे सुट्टीवर असतात तेव्हाच त्यांचे काम वाढते.

ख्रिस्तसभेला ही अडचण ठाऊक आहे. कॅथलिक श्रद्धाग्रंथाच्या २१८५ ते २१८७ या परिच्छेदांत सांगितले आहे की कुटुंबाची गरज आणि समाजाला अत्यावश्यक अशी सेवा यांसाठी रविवारच्या विश्रांतीतून सवलत मिळू शकते. नर्स, बसचालक, वीज कामगार, पोलीस हे सगळे यात येतात, आणि हे नवे द्वारपाळही येतात. पण तिथेच एक इशाराही आहे. ही सवलत सवय होऊ नये, तिने धर्म, कुटुंब आणि आरोग्य यांची हानी होऊ नये. या तीन शब्दांत आरोग्यही आहे, हे मला फार मोलाचे वाटते.

म्हणून भाच्याला मी फोनवर सरळ सांगितले. “रविवारी सकाळी ड्यूटी असेल तर शनिवारी संध्याकाळची मिस्सा धर. ती रविवारचीच धरली जाते. शनिवारी रात्रपाळी असेल तर रविवारी आधी झोप आणि संध्याकाळच्या मिस्साला जा. बेंगळुरूत संध्याकाळची मिस्सा मिळते. आणि काहीच जमलं नाही अशा रविवारी फादरांशी बोलून घे, पण आठवडा कोरा जाऊ देऊ नकोस.” तो म्हणाला, “मामा, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी समजलो होतो, रविवार गेला की सगळं गेलं.”

माळ्यावरची रात्र

मागच्या सुगीच्या आधी तो चार दिवस रजा काढून गावी आला होता. ज्यांना आमचा भाग ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. बेळगावहून चोर्ला घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर जांबोटी आहे. पुढे कणकुंबी, जिथे मलप्रभा उगम पावते, आणि आजूबाजूला भीमगड अभयारण्याचे रान. भात पोटरीला आले की रानडुकरे आणि गवे शेतात उतरतात. म्हणून शेतात माळा बांधून रात्री राखणीला बसावे लागते. बॅटरी, पत्र्याचा डबा, शेकोटी आणि घोंगडे, एवढी तयारी. भाऊजींबरोबर तो गेला, मीही गेलो.

मध्यरात्र उलटल्यावर भाऊजी घोंगडे ओढून आडवे झाले आणि मुलाला म्हणाले, “आता तू बघ, तीनला मला उठव.” मग पाच मिनिटांत घोरायला लागले. भाचा बराच वेळ गप्प होता. मग हळूच म्हणाला, “मामा, हे असं झोपणं मला जमत नाही. पाळी संपते, दुसरा माणूस माझ्या जागेवर येतो. खोलीवर येऊन पडतो, खरं डोळा लागत नाही. मी बंद केलेल्या सूचनांतली एखादी खरी असेल तर? मी झोपलो आणि तेवढ्यात काही झालं तर? सहा महिने झाले, नीट झोपलो नाही.”

तेव्हा मला कळले की अक्काची चिंता रविवारची आहे आणि पोराचे दुखणे वेगळेच आहे.

त्या रात्री आम्ही दोन गोष्टी बोललो. पहिली यहेज्केल संदेष्ट्याच्या तेहतिसाव्या अध्यायातली. पहारेकऱ्याने तलवार येताना पाहिली आणि कर्णा वाजवला नाही तर जाब त्याला द्यावा लागेल. पण त्याने कर्णा वाजवला आणि लोकांनी ऐकले नाही, तर दोष त्याचा नाही. देवाने पहारेकऱ्याच्या कामाला हद्द घालून दिली आहे.

यावर त्यानेच मला एक गोष्ट सांगितली, ती त्यांच्या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे. टार्गेट नावाची अमेरिकेतली मोठी दुकानसाखळी. २०१३ च्या नोव्हेंबरअखेर, त्यांच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या सुट्टीत, चोर तिच्या जाळ्यात होते. शीतयंत्रणेचे काम करणाऱ्या एका ठेकेदाराचा पासवर्ड चोरून ते आत आले होते. ३० नोव्हेंबरला सूचना आली आणि ती पाहिली बेंगळुरूत बसलेल्या पहारेकऱ्यांनी. त्यांनी अमेरिकेतल्या मुख्य केंद्राला कळवले. तिथे वेळेत काहीच झाले नाही. सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती चोरीला गेली. पुढच्या वर्षी मे महिन्यात त्या कंपनीच्या मुख्य अधिकाऱ्यांना पद सोडावे लागले.

“बेंगळुरूच्या त्या माणसांचं काम कोणतं होतं?” मी विचारले.

“बघणं आणि कळवणं.”

“ते त्यांनी केलं?”

“केलं.”

“मग त्या रात्री त्यांना झोपायचा हक्क होता की नाही?”

तो काही बोलला नाही. खाली कुठेतरी पाला वाजला. त्याने बॅटरी मारली, काही नव्हते. भाऊजी डोळे न उघडताच म्हणाले, “प्रत्येक पाल्याला ओरडू नको. घसा बसला तर डुक्कर आल्यावर काय करशील?” खोट्या सूचनांनी माणूस कसा थकतो यावर त्याच्या कंपनीत दोन दिवसांचे शिबिर झाले होते म्हणे. बापाने एका वाक्यात आटोपले.

दुसरी गोष्ट १२७ व्या स्तोत्राची. ते स्तोत्र म्हणते की परमेश्वर नगराची राखण करत नसेल तर पहारेकऱ्याचे जागणे फुकट आहे, आणि लगेच पुढे म्हणते की देव आपल्या लाडक्यांना झोप देतो. पहारा आणि झोप एकाच स्तोत्रात, शेजारी शेजारी आहेत. याचा अर्थ पहारा नको असा नाही. नहेम्याने देवाची प्रार्थना केली आणि त्याच वेळी रात्रंदिवस पहारेही बसवले, म्हणूनच यरुशलेमेचा कोट ५२ दिवसांत उभा राहिला. पण शेवटचा राखणदार आपण नाही. १२१ व्या स्तोत्रातला इस्राएलाचा रक्षक डुलकीही घेत नाही. तो जागा आहे म्हणून माणसाला झोपता येते. पाळी संपल्यावर दुसऱ्याच्या हाती काम सोपवून झोपणे हीसुद्धा श्रद्धेची कृती आहे. घोंगडे ओढून झोपलेले भाऊजी मुलावर भरवसा ठेवूनच झोपले होते.

त्याला मी एक छोटी रीत सांगितली. पाळी देताना वहीत किंवा संगणकावर पुढच्याला जे लिहून द्यायचे ते दे. मग खाली येऊन बसमध्ये बसलास की तीच यादी प्रभूला दे: हे मी पाहिले, हे मला कळले नाही, हे तू पाहा. आणि क्रुसाची खूण करून डोळे मीट. महिनाभर कर आणि मला सांग. त्याबरोबर डॉक्टरांनाही दाखव म्हणालो, कारण सहा महिन्यांची निद्रानाशाची तक्रार नुसत्या प्रार्थनेवर सोडू नये. देवाने डॉक्टरही दिले आहेत.

त्याने दोन्ही केले. झोप अजून पूर्ण सुधारलेली नाही, पण चार-पाच तास लागते. परवा त्याचा मेसेज आला, पहाटे चार वाजता: “चौथा प्रहर चालू आहे, मामा.” हे आमच्या बोलण्यातलेच. नव्या कराराच्या काळी रात्रीचे चार प्रहर धरत. मार्काच्या तेराव्या अध्यायात प्रभू ते चारही सांगतो आणि द्वारपाळाला जागे राहायला सांगतो. रात्रपाळीवाल्यांना विचारा, तीन ते सहा हा वेळ सर्वांत जड. डोळे जळतात, मन खचते. गालील समुद्रात वाऱ्याशी झुंजणाऱ्या शिष्यांकडे येशू पाण्यावरून चालत आला तो याच चौथ्या प्रहरी, असे संत मत्तय सांगतो.

आपण काय करू शकतो

घरच्यांनो, रात्रपाळी करणाऱ्या मुलाला दुपारी फोन करून “अजून झोपलायस?” म्हणू नका. त्याची ती रात्र आहे. त्याच्या पाळीचा तक्ता मागून घ्या आणि त्याप्रमाणे बोला. रोजरीच्या वेळी एक दशक रात्री काम करणाऱ्यांसाठी ठेवा: दवाखान्यातल्या नर्सेस, साखर कारखान्याच्या हंगामातले कामगार, एसटीचे आणि ट्रकचे चालक, आणि पडद्यासमोर बसलेली ही मुले. आपल्या विश्वासूंच्या प्रार्थनांत शेतकरी असतात, आजारी असतात, हे लोक फारसे नसतात.

आणि आपल्या दाराचे द्वारपाळ आपणही आहोत. बँकेतून बोलतोय म्हणून कुणी ओटीपी मागितला तर देऊ नका. पोलीस असल्याचे सांगून कुणी व्हिडिओ कॉलवर “अटक” करत असेल तर तो चोर आहे, फोन बंद करा. पैसे गेलेच तर लाजून बसू नका, लगेच १९३० या क्रमांकावर कळवा. जितके लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता अधिक. चर्चच्या व्हॉट्सॲप गटावर आलेली लिंक पुढे पाठवण्याआधी क्षणभर थांबा. मोबाइल चालवता न येणाऱ्या शेजारच्या आजीला हे तिच्या भाषेत, बसून समजावून सांगा.

चला, प्रार्थना करू या.

हे प्रभू येशू, गेथशेमानेच्या बागेत तू जागा होतास आणि तुझे मित्र झोपले होते. एकट्याने जागण्याचे दुःख तुला ठाऊक आहे. आज रात्री जे इतरांसाठी जागे आहेत त्यांच्याजवळ बस. त्यांना खरे आणि खोटे ओळखण्याची बुद्धी दे, वेळेवर हाक देण्याचे धैर्य दे, आणि पाळी संपल्यावर निर्धास्त झोप दे. त्यांच्या आईबापांच्या मनातली काळजी तू उचलून घे. आमच्या घरांची, आमच्या मुलांची आणि आमच्या अंतःकरणाच्या दाराची राखण तूच कर. आमेन.